सातवे कासव

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की 'पूर्वी असे नव्हते' म्हणणारी माणसेदेखील अजून जन्माला यायची होती.

डोंगरांच्या कुशीत एक लहानसे राज्य होते. गरीब म्हटले तर तिथल्या लोकांना राग येई आणि श्रीमंत म्हटले तर हसू येई. राजधानीत त्याला 'प्रगतीच्या वाटेवरचे राज्य' म्हणत. वाट लांब आहे, एवढे मात्र सगळ्यांना मान्य होते.

त्या राज्यात राजाच्या पणजोबाने बांधलेले एक मोठे तळे होते. खालच्या पाच गावांचे पिणे, शेती, गुरेढोरे, सगळे त्या तळ्यावर. पण डोंगरातून येणारे पाणी आपल्याबरोबर गाळ आणते. पाणी निघून जाते आणि गाळ मुक्कामाला राहतो. ऐंशी वर्षांत तळे निम्मे गाळाने भरले होते. पूर्वी उन्हाळाभर पुरणारे पाणी आता होळीच्या आतच संपू लागले.

गाळ काढायला हवा, हे दरबाराला ठाऊक नव्हते असे नाही. दरबाराला ते बावीस वर्षांपासून ठाऊक होते. त्यासाठी एक खाते होते, खात्याला एक अधिकारी होता आणि अधिकाऱ्याला एक छत्री होती. दरवर्षी तो तळ्यावर येई, बांधावरच्या वडाखाली छत्री मिटून बसे, गावकऱ्यांनी आणलेली पिठले-भाकरी खाई आणि 'गाळ आहे' असा अहवाल लिहून परत जाई. अहवाल खरा असल्यामुळे त्यावर कोणाला हरकतही घेता येत नसे.

तळ्यापासून हाकेच्या अंतरावर कौलांची एक भट्टी होती. तिची मालकीण पन्नाशीची बाई होती. सगळे तिला आक्का म्हणत. तिच्या भट्टीवर चाळीस घरांच्या चुली पेटत. मातीची पारख तिच्याइतकी पंचक्रोशीत कोणाला नव्हती. मातीची चिमूट ती तोंडात टाकी, पुढच्या दातांनी हळूच चावे आणि सांगे, "कचकचते. कौल फुटेल." किंवा नुसते म्हणे, "ठीक." 'ठीक' हे तिचे सर्वांत मोठे कौतुक होते. तिच्या नवऱ्यालासुद्धा ते लग्नानंतर अकरा वर्षांनी मिळाले होते.

पण आक्काला एक घोर लागला होता. आजवर ती नदीकाठच्या शेतांतून माती आणत असे. शेतकरी खुशीने देत. मग जिथून माती नेली तिथे खड्डे राहिले, खड्ड्यांत पाणी साचले आणि शेतांत पिकांऐवजी बेडूक वाढू लागले.

"आक्का," एक शेतकरी म्हणाला, "तू आमची घरं झाकलीस, पण शेतांना भोकं पाडलीस. आता माती मिळायची नाही."

म्हणणे खरे होते. येत्या दिवाळीपर्यंत भट्टी थंड पडणार, हे आक्काला स्वच्छ दिसत होते. भट्टी थंड पडली की चाळीस चुलीही थंड पडणार होत्या.

फाल्गुनातल्या एका सकाळी ती सुकत चाललेल्या तळ्याच्या काठावर बसली होती. सवयीने तिने चिमूटभर गाळ उचलला आणि दाताखाली धरला. कचकच नाही. मग तिने मान वर करून सगळे तळे पाहिले, जसे काही आज पहिल्यांदाच पाहत होती.

"अगं बाई," ती तळ्याला म्हणाली, "तुला नको ते मला हवंय, आणि इतकी वर्षं आपण शेजारी राहतोय!"

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली.

"तळ्यातला गाळ मी काढते," ती म्हणाली.

प्रधानजींनी विचारले, "त्याचे किती घेणार?"

"काही नाही."

"म्हणजे फुकट?"

"फुकट कसं? गाळ नेणार की मी."

"गाळ ही राजाची मालमत्ता आहे."

"असेल. पण राजेसाहेबांनी इतकी वर्षं सांभाळून ठेवलीय ती कशासाठी?"

प्रधानजींनी विषय बदलला. त्यांनी बारीक डोळे करून विचारले, "यात तुमचा काही फायदा आहे का?"

"आहे तर! नसता तर कामं टाकून आले असते कशाला?"

दरबारात कुजबुज झाली. आजवर जे जे कारखानदार आणि व्यापारी त्या दरबारात आले होते, ते सगळे लोकांची सेवा करायला आले होते आणि जाताना लोकांचे काहीतरी उचलून घेऊन गेले होते. फायद्यासाठी आले, असे तोंडावर सांगणारी ही पहिलीच. राजा तरुण होता. त्याला हसू आले आणि त्याने परवानगी दिली.

तेवढ्यात मागून एक म्हातारा उठला. तो त्या तळ्याचा पाटकरी होता. म्हणजे तळ्याचे पाणी कोणत्या पाटाला किती सोडायचे, ते पाहणारा. त्याच्या तीन पिढ्यांनी तेच काम केले होते.

"महाराज, एक अट घाला. या तळ्याचा तळ नुसता जमिनीचा नाही. पणजोबा महाराजांनी दोन वर्षं रेडे फिरवून चिकणमाती तुडवून घेतली होती. त्या थरामुळे पाणी थांबतं. त्या थरावर दगडाची सात कासवं बसवलीत. आता गाळाखाली गेलीत, पण आहेत. कासवाची पाठ दिसली की कुदळ थांबली पाहिजे. कासवाच्या पोटाखाली कोणी जायचं नाही."

"मंजूर," राजा म्हणाला. परवानगीत अट लिहिली गेली. दर पंधरा दिवसांनी अधिकाऱ्याने जाऊन पाहणी करावी, असेही लिहिले गेले. छत्रीवाल्या अधिकाऱ्याने मान डोलावली आणि तळ्यापर्यंतच्या प्रवासासाठी नवी छत्री मंजूर व्हावी म्हणून त्याच दिवशी अर्ज केला.

वाचकहो, बोधकथांतली कासवे बोलतात, हे मला माहीत आहे. ही बोलली असती तर पुढचा घोटाळा टळला असता. पण ही दगडाची होती.

काम सुरू झाले. पहिल्या उन्हाळ्यात पाच गावांचे लोक आक्काला हसले. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी चैत्रापर्यंत पुरले आणि हसू थांबले. बारीक गाळ कौलांना जाई. रेताड गाळ कौलांच्या कामाचा नव्हता, तो आक्काने गाड्या भरून नदीकाठी पाठवला आणि आपणच पाडलेले खड्डे बुजवले. बेडूक निघून गेले आणि तिथे वांगी आली. गवताची छपरे जाऊन कौले चढली आणि उन्हाळ्यात घरे जळायची थांबली. तिसऱ्या उन्हाळ्यात कुदळीखाली टणकन आवाज झाला आणि ऐंशी वर्षांनी पहिल्या कासवाने पाठ वर काढली. बायकांनी हळदकुंकू वाहिले. महिन्याभरात सातही कासवे दिसली. पाटकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"ठीक," आक्का म्हणाली.

इथपर्यंत गोष्ट चांगली चालली होती. आणि चांगली चाललेली गोष्ट बिघडायला फार लांब जावे लागत नाही.

ऐंशी वर्षांचा साचलेला गाळ आक्काने तीन वर्षांत उचलला होता. पण तिला वाटले, ही आपली दरवर्षाचीच आवक. त्या हिशेबाने तिने भट्टी वाढवली, माणसे वाढवली. चौथ्या वर्षी तळ्यात गाळ आला तो एका पावसाळ्याचा, वीतभर. आणि नेमक्या त्याच वर्षी शेजारच्या मोठ्या राज्यातून दूत आला. तिथल्या राजाला नव्या महालासाठी कौले हवी होती. नुसती लाल नव्हे, टिचकी मारली की घंटेसारखी वाजणारी.

"एवढी माती कुठून आणणार?" आक्का मुकादमाला म्हणाली.

मुकादम तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. त्याने मातीचा एक गोळा तिच्या हातावर ठेवला. आक्काने दाताखाली धरला. लोण्यासारखा.

"ठीक," ती म्हणाली आणि मग दचकली. "कुठली ही?"

"सातव्या कासवाच्या पोटाखालची."

"पाटकरी काय म्हणाला होता, ऐकलं नव्हतंस?"

"आक्का, ते कासव काय अंडी उबवायला बसलंय? जरा बाजूला सरकवू, हातभर माती घेऊ आणि होतं तिथं ठेवू. एवढ्या मोठ्या तळ्यात एका कोपऱ्याचं काय ते!"

आक्काने दोन दिवस विचार केला. तिने मनाला समजावले की माती आपल्याला कळते. हातभर घेतली तरी खाली आणखी हातभर असेलच. तिचे चुकले ते इथे. कौलाची माती तिला कळत होती, तळाची नाही. दात लावून मातीचा गुण कळतो, जाडी कळत नाही.

त्या वैशाखात सातव्या कासवाखाली कुदळ पडली. पाटकरी धावत आला.

"आक्का, परवानगीत कासव लिहिलंय!"

"कासव आहे की जागेवर. बघ ना."

कासव खरेच जागेवर होते. परत आणून ठेवलेले. पाटकऱ्याने तिच्याकडे एकदा पाहिले आणि तो निघून गेला.

त्याने दरबारात तक्रार पाठवली. 'तळ्यातल्या कासवाला धोका आहे' असे तिचे पहिले वाक्य होते. दरबारात पहिल्या वाक्यापुढे वाचायची रीत नव्हती, त्यामुळे तक्रार पशुखात्याकडे गेली. चार महिन्यांनी उत्तर आले : 'सदर कासव दगडाचे असल्याचे समजते. सबब त्याच्या चाऱ्याची तरतूद करता येत नाही.' छत्रीवाला अधिकारी पाहणीला आलाच नव्हता. त्याची नवी छत्री अजून मंजूर व्हायची होती.

पावसाळ्यात तळे काठोकाठ भरले. आक्काने ती लोण्यासारखी माती मोठ्या खड्ड्यात मुरत घातली होती. दसऱ्यानंतर तिची कौले थापायला घेतली. मार्गशीर्षात वीस हजार कच्ची कौले मांडवाखाली रांगेने वाळत उभी होती. महालाचा दूत चाळीस गाड्या घेऊन येऊन बसला होता. गुरुवारी भट्टी पेटवायची ठरली होती.

तळ्यात मात्र काहीतरी बिनसले होते. दिवाळीला घाटाच्या दुसऱ्या पायरीवर असायचे ते पाणी सातव्या पायरीवर गेले. मार्गशीर्षात चौदाव्या.

"पाटकरीबाबा," धुणे धुणाऱ्या बायका म्हणू लागल्या, "पाणी काय घरी नेऊन ठेवलंत की काय?"

सोमवारी सकाळी पाटकरी मांडवात आला. तो उन्हात उभा राहिला, सावलीत आला नाही.

"आक्का, चल. दात लावायचाय."

"कशाला?"

"तळ्याला."

ती त्याच्यामागून पाण्यात उतरली. कोपऱ्यात गुडघाभर पाणी होते. सातवे कासव एका बाजूला कलले होते आणि त्याच्या पोटाशी पाणी गरगर फिरत होते. आक्काने खाली हात घातला. लहान मूल बोट धरून ओढते तसे पाण्याने तिची बोटे आत ओढली. तिने खालची माती काढून चावली. नुसती वाळू.

तिने वाळू थुंकली.

"किती दिवस?" तिने विचारले.

"पंधरा. मग पाच गावांनी काय प्यायचं, ते तू सांग."

"बुजवायला तशीच माती लागेल."

"तशी माती या मुलखात दुसरीकडे नाही," पाटकरी म्हणाला. "होती ती तुझ्याकडे आहे."

आक्का मांडवात परतली. वीस हजार कौले ओळीने उभी होती. चार वर्षांत वाढवलेली भट्टी, नव्याने कामाला घेतलेली माणसे, महालाचे नाव, सगळे त्या रांगांत उभे होते. मुकादम हात चोळत पुढे आला.

"आक्का, गुरुवारची तयारी झाली. एकदा भाजून निघाली की सुटलो आपण."

"भाजली की माती परत माती होत नाही रे," आक्का म्हणाली. तिने पहिल्या रांगेतले पहिले कौल उचलले, दोन्ही हातांनी मोडले आणि पाण्याच्या हौदात टाकले.

"आक्का! महालाची कौलं आहेत ती!"

"महालाची व्हायची होती. अजून तळ्याचीच आहेत."

मुकादम खाली बसला. मग उठला, दुसरे कौल त्याने मोडले. माणसाने एकदा चूक सुचवली म्हणून त्याला दुरुस्ती सुचू नये असे थोडेच आहे! दुपारपर्यंत चाळीस घरांतले लोक मोडायला लागले होते. आपण घडवलेले मोडायला फार जीव लागतो. काही बायका रडत होत्या, पण हात चालू होते.

दूत संतापला. "आमच्या महाराजांना मी काय सांगू?"

"सांगा, महालाचं छप्पर वर्षभर थांबू शकतं. तहान थांबत नाही."

दूत रिकाम्या गाड्या घेऊन निघून गेला आणि जाताना त्याने आक्काला वेडी ठरवले. त्या दिवशी तिने जे जे गमावले, त्यात हे सर्वांत स्वस्त होते.

मग नऊ दिवस तळ्यात काम चालले. भोकाभोवती मातीचा गोल बंधारा घातला, आतले पाणी उपसले. जुन्या थराच्या कडा आक्काने स्वतः पायऱ्यांसारख्या कापल्या, म्हणजे नवी माती जुनीला धरील. भिजवलेल्या कौलांची माती चार-चार बोटांच्या थरांनी टाकायची आणि रेड्यांकडून तुडवून घ्यायची. रेडे आणले नदीकाठच्या शेतकऱ्यांनी. माती नाकारणारा तो शेतकरी सगळ्यांत पुढे होता.

"आक्का," तो म्हणाला, "भोकं पाडण्यात तुझा हात कोणी धरणार नाही, हे माहीत होतं. बुजवण्यातही धरणार नाही असं दिसतंय."

"तोंड कमी चालव, रेडे जास्त," आक्का म्हणाली. चार दिवसांत ती पहिल्यांदाच हसली.

नवव्या दिवशी कासव सरळ बसवले आणि बंधारा फोडला. पाणी कासवाभोवती परत आले. पाटकऱ्याने एक सुके पान अलगद पाण्यावर सोडले. सगळे श्वास धरून पाहत राहिले. पान होते तिथेच राहिले.

पाटकरी बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "ठीक."

प्रकरण दरबारात गेलेच. त्या दिवशी प्रधानजी फार आनंदात होते, कारण त्यांना 'तरी मी सांगत होतो' म्हणायला मिळाले होते. निम्मा दरबार म्हणाला, "धंदेवाईक माणसाला तळ्याच्या आसपास फिरकू देऊ नये." उरलेला निम्मा म्हणाला, "बाईने तीन वर्षांत गाळ काढला, तो आपल्याला बावीस वर्षांत जमला नाही. तळे तिलाच देऊन टाकावे आणि आपण मोकळे व्हावे." मोकळे होण्याच्या कल्पनेने पुष्कळांचे चेहरे उजळले.

राजाने आक्काकडे पाहिले. "तुम्हाला काय वाटतं?"

"चूक माझी," आक्का म्हणाली. "शिक्षा द्या, भोगते. पण मला हाकललंत तर गाळ परत साचेल आणि यांची छत्री परत वडाखाली येईल. आणि तळं मला देऊन टाकलंत, तर एखाद्या वर्षी मोठं काम आलं की माझाच हात परत कासवाखाली जाईल. मी मला ओळखते."

राजा पुढे सरकून बसला.

"मग?"

"कासवाच्या पाठीवर दरवर्षी साचेल तेवढंच माझं. आणि भट्टीला आग मी नाही लावायची, पाटकऱ्यानं लावायची. आधी सातही कासवं डोळ्यांनी बघायची, मग लावायची. एक जरी हललेलं दिसलं तर त्या वर्षी भट्टी थंड."

"वीतभर गाळावर तुमची एवढी भट्टी चालेल?"

"एका तळ्यावर नाही चालायची. राज्यात गाळानं भरलेली तळी किती आहेत?"

"एकशे बारा," प्रधानजी चटकन म्हणाले. "प्रत्येकाचा अहवाल आहे." बोलून झाल्यावर ते स्वतःच चकित झाले. इतक्या वर्षांत कोणीतरी पहिल्यांदाच अहवाल उपयोगात आणला होता.

त्या एकशे बारा तळ्यांवर हळूहळू एकशे बारा भट्ट्या उभ्या राहिल्या. कुठे कौले, कुठे विटा, कुठे रांजण. जिथे दगडी कासवे नव्हती तिथे ती आधी बसवली गेली आणि मगच कुदळ लागली. प्रत्येक मालक आपल्या फायद्यासाठी गाळ काढी, हे कोणी लपवले नाही. प्रत्येक तळ्यावर एक पाटकरी नेमला गेला. छत्रीवाल्या अधिकाऱ्यालाही काम मिळाले. पाटकरी उन्हात कासवे मोजत असताना त्याच्यावर छत्री धरायची, आणि मोजून होईपर्यंत मिटायची नाही.

राज्य अजूनही प्रगतीच्या वाटेवरच होते. पण आता त्या वाटेवर पाणी होते.

आक्का खूप म्हातारी झाली. दात पडल्यावर माती तिची मुलगी चावू लागली. पण भट्टी पेटवायच्या दिवशी आक्का काठी टेकत येई आणि दारात उभी राहून नव्या पाटकऱ्याला विचारी, "बाबा, कासवं?"

"सात," पाटकरी म्हणे. मगच आग लागे.

तात्पर्य : माणसाचा फायदा आणि गावाचे भले एकाच तळ्याचे पाणी पिऊ शकतात, तळाला मात्र कोणी हात लावता कामा नये.